फेसावर चढलेलं शंखजिरं : तांब्याच्या खनिजाचं एक प्रकरण

या नोंदीतलं गाव, मालक आणि खाणपट्टा ओळखू येणार नाहीत एवढी काळजी घेतली आहे. आकडे थोडे गोल केलेत, पण त्यांची आपापसातली प्रमाणं तीच ठेवलीत. ती बदलली असती तर प्रकरणात सांगण्यासारखं काही उरलंच नसतं.

पार्श्वभूमी

आमच्याकडे, पूर्व विदर्भात, तांबं म्हटलं की माणसं राज्याच्या हद्दीपलीकडे बोट दाखवतात. गोंदियाहून बालाघाट ओलांडून गेलं की मलाजखंड लागतं, हिंदुस्तान कॉपरची मोठी खाण. हद्दीच्या अलीकडे, भंडारा-नागपूरच्या पट्ट्यात खाण म्हणजे मँगनीज, एवढंच बहुतेकांना ठाऊक. भूवैज्ञानिकांच्या नकाशावर मात्र चंद्रपूर जिल्ह्यातलं थानेवासना आणि नागपूर जिल्ह्यातलं पुलर-परसोडी ही तांब्याची नावं बऱ्याच वर्षांपासून आहेत. आमचं प्रकरण यांपैकी कुठल्याच जागेचं नाही.

धानाच्या बांध्यांना लागून टिनाचं एक लांब शेड. आत दगड फोडायला एक जबडा क्रशर, दळायला एक बॉल मिल, आठ रफर सेल (पहिला फेस काढायच्या टाक्या), चार क्लीनर सेल (तोच फेस पुन्हा स्वच्छ करायच्या टाक्या) आणि एक जुना फिल्टर. तासाला जेमतेम अर्धा टन खनिज दळणारं चाचणी संयंत्र. खनिजात तांबं ०.९ टक्के. शंभर किलो दगडात एक किलोही तांबं नाही. ते वेगळं काढायचं तर दगड पिठासारखा दळायचा, पाण्यात कालवायचा आणि फेसावर तांबं चढवायचं.

ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांना मी सुपाचं उदाहरण देतो. धान पाखडताना कोंडा उडतो आणि तांदूळ सुपात राहतो. इथे उलटं: हवं ते वर चढतं, नको ते खाली बसतं. तांब्याच्या कणांवर झँथेट नावाच्या रसायनाचा पातळ थर बसवला की ते कण पाण्याला टाळू लागतात आणि हवेच्या बुडबुड्याला चिकटतात. बुडबुडे वर येतात, फेस काठावरून नालीत पडतो, नालीत जे जमतं ते कॉन्सन्ट्रेट. क्वार्ट्झसारखा दगड पाण्यात भिजून राहतो, बुडबुड्याला चिकटत नाही, आणि टेलिंगमध्ये, म्हणजे टाकाऊ गाळात जातो.

पुस्तकात हे असंच आहे. दगडाने पुस्तक वाचलेलं नसतं.

अडचण

मला बोलावलं मार्चच्या पहिल्या आठवड्यात. संयंत्र डिसेंबरपासून चालू होतं. खरेदीदाराला कॉन्सन्ट्रेटमध्ये २५ टक्के तांबं हवं होतं. १६ च्या वर एकही घाण गेली नव्हती. (घाण म्हणजे एका वेळेचा माल. तेलघाण्यावरून आलेला शब्द, आमच्या शेडमध्ये तो रुळलेला होता.) तांब्याची वसुली, म्हणजे खनिजातल्या तांब्याचा कॉन्सन्ट्रेटमध्ये येणारा हिस्सा, ८६ टक्के होती, ती वाईट नव्हे. तांबं वर येत होतं, पण एकटं येत नव्हतं.

सोबत कोण येतंय याबद्दल शेडमध्ये एकमत होतं: पायराइट. लोखंड आणि गंधकाचं हे पिवळट खनिज तांब्याच्या खनिजाशेजारी बहुतेक सापडतंच, आणि झँथेट त्यालाही चिकटतं. त्याला खाली दाबायचा जगभर चालणारा उपाय म्हणजे चुना. पाण्याचा पीएच साडेदहा-अकराच्या आसपास नेला की पायराइटच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्साइडचा थर बसतो आणि ते फेसावर चढायचं थांबतं. आमचं तांबं ज्या खनिजात होतं त्या चाल्कोपायराइटला एवढ्या पीएचने फारसा फरक पडत नाही. म्हणून तीन महिने चुना वाढवणं चालू होतं. आधी १०.५, मग ११, मग ११.८. प्रत्येक पायरीवर पायराइट थोडं कमी व्हायचं, तांबं अर्ध्या टक्क्याने वर सरकायचं, आणि फेस आणखी घट्ट व्हायचा.

मी पोचलो त्या दिवशी फेस दह्यासारखा बसला होता. नालीत पडायचा आणि तिथेच ढीग करून राहायचा, फुटायचा नाही. ऑपरेटर भाऊ पाण्याचा पाइप घेऊन नाली धूत उभे होते.

"सायेब, हा फेस मरूनच नाही राहिला," ते म्हणाले. "चुना टाकला का अजून ताठ होते."

हे वाक्य मी त्या दिवशी ऐकलं आणि सोडून दिलं. वहीत लिहायला हवं होतं. पायराइटचा फेस ताठ होत नाही. उलट तो ठिसूळ असतो. ताठ फेसामागे दुसरं कुणी तरी असतं.

हिशेब, जो तीन महिने कुणी मांडला नव्हता

कॉन्सन्ट्रेटची तपासणी फक्त तांब्यासाठी होत होती. रोज एकच आकडा यायचा आणि त्या एका आकड्यावर भांडण चालायचं. मी तीन घाणींचे नमुने बांधून नागपूरला एका प्रयोगशाळेत पाठवले आणि गंधक व मॅग्नेशियाही (मॅग्नेशियमचं ऑक्साइड) मोजायला सांगितलं. नागपूर या कामाला जवळचं. भारतीय खाण ब्युरोचं मुख्यालय तिथेच असल्यामुळे दगडाची भाषा कळणारी माणसं शहरात सापडतात. चौथ्या दिवशी आकडे आले: तांबं १६ टक्के, गंधक २७, मॅग्नेशिया ७.

या तीन आकड्यांचं काय करायचं ते सविस्तर सांगतो, कारण प्रकरण खरं फिरलं ते इथे.

शुद्ध चाल्कोपायराइटमध्ये तांबं ३४.६ टक्के असतं आणि गंधक जवळपास ३५. कॉन्सन्ट्रेटमध्ये तांबं १६, म्हणजे चाल्कोपायराइट साधारण ४६ टक्के. निम्म्याहून जास्त माल परका. या ४६ टक्क्यांसोबत गंधक येतं १६ च्या आसपास. मोजलेलं गंधक २७. वरचं ११ पायराइटचं. पायराइटमध्ये गंधक ५३ टक्क्यांहून थोडं जास्त असतं, म्हणून पायराइट झालं २० टक्के. दोन्हींची बेरीज ६६. उरलेले ३४ टक्के काय?

मॅग्नेशिया ७ टक्के ही खूण. शंखजिऱ्यात, म्हणजे टाल्कमध्ये, मॅग्नेशिया जवळपास ३२ टक्के असतो. सगळा मॅग्नेशिया शंखजिऱ्याचा धरला तर शंखजिरं २२ टक्के. थोडा क्लोराइट नावाच्या दुसऱ्या खनिजाचा असेल, म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमी. पण पायराइटच्या बरोबरीला येऊन बसलेलं. बाकीचे बारा टक्के क्वार्ट्झ आणि बारीक गाळ.

केमिस्ट मॅडमने हा हिशेब फळ्यावर दोनदा तपासला. मालक पाठीमागे उभे होते. ते एवढंच म्हणाले, "म्हणजे चुना ज्याच्यावर टाकून राहिलो, तो पाचवा हिस्साच आहे?"

होय. आणि शंखजिऱ्याला चुन्याची काहीच पर्वा नसते. त्याचे पापुद्रे मुळातच पाण्याला टाळणारे असतात. त्याला फेसावर चढायला झँथेट लागत नाही, कुणाची ओळखही लागत नाही. कठीणतेच्या मापावर ते एक नंबर, सगळ्यांत मऊ. मिलमध्ये सर्वांत आधी त्याचं पीठ होतं. हे पातळ पापुद्रे बुडबुड्याच्या भोवती बसले की बुडबुडा फुटत नाही. फेस ताठ होण्याचं मूळ तिथे. जास्तीच्या चुन्याने तो आणखी जड झाला असणार.

भाऊंनी स्वतःची खात्री वेगळ्याच रीतीने करून घेतली. फेस परातीत घेऊन उन्हात वाळवला, चिमूटभर पूड बोटांत चोळली. टाल्कम पावडरीसारखी गुळगुळीत. मग स्टीलच्या ताटात थोडं कॉन्सन्ट्रेट आणि पाणी घेऊन हलक्या हाताने फिरवलं. आमच्या भागात सोनझरी लोक नदीची रेती धुऊन सोन्याचे कण वेगळे करायचे, त्याच चालीने. ताटाच्या तळाशी पिवळी जड चंद्रकोर राहिली, कडेला राखी-पांढरी साय. साय रुंदीने पिवळ्यापेक्षा जास्त दिसत होती.

कोण कुठल्या दाराने येतंय

यानंतर आम्ही प्रश्न बदलला. "कॉन्सन्ट्रेट स्वच्छ कसं करायचं" हा प्रश्न बाजूला ठेवून "कोण कुठल्या दाराने आत येतंय" हे विचारायला लागलो. लग्नाच्या पंगतीत न बोलावलेले लोक असतात तसंच. काही जण गावचेच म्हणून बसतात, काहींना कुणी तरी हाताला धरून आणतं, काही गर्दीच्या लोंढ्यात ढकलले जातात. दारावर एकच माणूस उभा करून हे सगळे थांबत नाहीत.

शंखजिरं स्वतःच्या पायाने येत होतं. पायराइट झँथेटच्या ओळखीवर. क्वार्ट्झ आणि बारीक गाळ बुडबुड्यांच्या मधल्या पाण्यासोबत वाहून. कणाला चिकटायची इच्छा नसली तरी पाणी वर गेलं की तोही जातो. आणि थोडं पायराइट तांब्याच्या कणाला जोडूनच होतं, दळणात सुटं झालंच नव्हतं. सूक्ष्मदर्शकाखाली पॉलिश केलेल्या तुकड्यात ते दिसलं. प्रमाणाने हा हिस्सा सगळ्यांत लहान, म्हणून तो मी इथे सोडून देतो. पुन्हा दळायची मिल घ्यायला पैसेही नव्हते.

पायराइटबाबत एक जुनी चूक मात्र वेगळी निघाली. खनिज पावसाळ्याआधी काढून उघड्यावर ढीग करून ठेवलेलं होतं. ढिगाच्या पायथ्याशी अजूनही ओल होती, पाणी निळसर-हिरवट. भाऊंनी सायकलच्या पंपाजवळचा एक घासलेला खिळा त्या पाण्यात टाकला. चहा पिऊन येईपर्यंत खिळ्यावर तांबडा थर. म्हणजे ढिगात तांबं विरघळत होतं, आणि विरघळलेलं तांबं पायराइटच्या पृष्ठभागावर बसलं की तेच पायराइट झँथेटला तांब्यासारखं वाटायला लागतं. पायराइटला आम्हीच तांब्याचा मुखवटा घालून दिला होता आणि वर चुन्याने त्याला दाबू पाहत होतो.

समोरचे रस्ते

पहिला रस्ता सायनाइडचा. पायराइट दाबायला सोडियम सायनाइड अगदी थोड्या मात्रेत वापरतात, हे काही गुपित नाही. पहिल्याच बैठकीत ते नाव निघालं आणि पहिल्याच बैठकीत पडलं. शेडच्या मागच्या भिंतीपासून बांधी दिसत होती, विहीरही दिसत होती. ज्यांची बांधी, ते काका आधीच दोनदा येऊन गेले होते: "तुमचं पिवळं आमच्या धानात नको." त्यांना पायराइटचं नाव माहीत नव्हतं, पण मुद्दा बरोबर होता. फेसावर न चढलेलं पायराइट टेलिंगमध्ये जातं आणि तिथे हवा-पाणी लागलं की आम्ल सोडतं. त्यावर आणखी सायनाइडची साठवणूक या शेडच्या आवाक्यातली नव्हती. या निर्णयावर फेरविचार करायची गरज मला आजही वाटत नाही.

दुसरा रस्ता: शंखजिरं आधीच काढून टाकायचं. झँथेट न टाकता फक्त फेसाचं तेल टाकून सेल चालवायचे. शंखजिरं आपोआप वर येतं, ते फेकून द्यायचं, मग खरं काम सुरू करायचं. दोन चाचण्या घेतल्या. शंखजिरं भरभरून आलं, पांढरा रेशमी फेस, पण त्याच्यासोबत तांब्याचे चार टक्के गेले. मालकांनी तिथेच नको म्हटलं. मीही मान डोलावली.

तिसरा: शंखजिऱ्याला खालीच धरून ठेवणारं काही तरी. सीएमसी (सेल्युलोजपासून केलेला पदार्थ) किंवा गवारगम (गवारीच्या बियांचा डिंक). दोन्ही लांब साखळीचे पदार्थ. पापुद्र्यावर लपेटून बसतात आणि त्याला पाणी धरायला लावतात. चांगल्या प्रतीचं सीएमसी महाग पडत होतं. गवारगम देशात भरपूर, बहुतेक राजस्थानातून येतो, म्हणून तो निवडला.

गवारगमचं नाव निघालं तेव्हा भाऊंना गुऱ्हाळ आठवलं. रस उकळताना त्यात भेंडीचा चिकट रस सोडतात, मळी गोळा होऊन वर येते आणि झाऱ्याने काढता येते. "तिथं चिकट पानी मळी वर आणते, अन् इथं खाली नेते?" त्यांनी विचारलं. प्रश्न फार चांगला होता. दोन्हीकडे चिकट साखळ्याच काम करतात, पण गुऱ्हाळात त्या मळीचे कण एकमेकांना बांधतात आणि उकळीचे बुडबुडे तो पुंजका उचलतात. सेलमध्ये त्या पापुद्र्याला पाण्याचा अंगरखा घालतात, म्हणजे बुडबुड्याला त्याला पकडायला जागा उरत नाही.

चौथा रस्ता अगदी घरगुती: फेस खोल ठेवणे, क्लीनरमध्ये पाणी वाढवून लगदा पातळ करणे, फेसावर वरून पाणी शिंपडून मधला गाळ खाली धुणे. खर्च जवळजवळ शून्य. म्हणूनच की काय, तीन महिन्यांत कुणाला सुचला नव्हता.

काय केलं आणि कुठे अडलो

झँथेट बदललं. स्टॉकमध्ये होतं म्हणून अमाइल झँथेट वापरलं जात होतं. ते जोरकस, दिसेल त्याला पकडणारं. त्याऐवजी इथाइल आणलं आणि एकदम न टाकता दोन हप्त्यांत थोडं थोडं सोडलं. जुने अमाइलचे ड्रम उघडून पाहिले तर दोन ओल धरलेले निघाले. ओलसर झँथेटमधून कार्बन डायसल्फाइड सुटतो, तो विषारीही आणि पेट घेणाराही. ते ड्रम शेडबाहेर सावलीत हलवले आणि आजूबाजूला बिडी बंद केली. यावरून थोडी कुरकुर झाली.

चुना कमी केला, पण ताजा आणला. आधीचा चुना हवेत पडून अर्धा मेला होता; पाणी टाकलं तर पोतं कोमटही होत नव्हतं. वणीकडच्या राजूरच्या भट्टीचा कळीचा चुना आला आणि तो कंडिशनरऐवजी (सेलच्या आधीची, रसायनं मिसळायची टाकी) थेट बॉल मिलमध्ये सोडला. दगड फुटून नवा पृष्ठभाग उघडतो तिथेच चुना भेटला तर विरघळलेलं तांबं पायराइटवर बसायच्या आत हायड्रॉक्साइड होऊन जातं. पीएच ११ वर आणून तिथेच थांबवला. पीएच मीटरच्या काचेवर चुन्याची पुटं चढून तो खोटं बोलत होता, हेही तेव्हाच कळलं. ११.८ म्हणून जे लिहिलं गेलं होतं ते खरं काय होतं, देव जाणे.

मग गवारगम. पहिला दिवस पूर्ण फुकट गेला. हेल्परने पूड सरळ टाकीत ओतली आणि वरून पाणी सोडलं. पिठल्यात होतात तशा गाठी. वरून चिकट, फोडली तर आत कोरडी पूड. सेलमध्ये काहीच फरक दिसला नाही आणि संध्याकाळी मालकांचा निष्कर्ष तयार होता: गवारगम चालत नाही. रात्री आठ वाजता मी आणि मॅडमने एका बादलीत जोरात फिरणाऱ्या पाण्यात चिमटीचिमटीने पूड सोडली, लिटरला पाच ग्रॅम, आणि दोन तास फिरत ठेवली. सकाळी द्रावण एकसारखं, पेजेसारखं होतं. त्याच दिवशी क्लीनरचा फेस पहिल्यांदा मऊ पडला. नालीत पडला आणि फुटला.

दुसरा धडा उन्हाने दिला. एप्रिलमध्ये टाकीतलं द्रावण दुसऱ्या दुपारपर्यंत पातळ आणि आंबूस व्हायला लागलं. जिवाणू साखळ्या खाऊन टाकतात. मात्रा तीच राहते, काम अर्धं होतं. तेव्हापासून रोज पहाटे ताजं करायचं आणि संध्याकाळी उरलेलं ओतून द्यायचं, असा नेम ठरला.

मात्रेवरून मालकांशी खटका उडाला. टनाला दीडशे ग्रॅमवर तांबं २१ टक्क्यांपर्यंत आलं, तेव्हा त्यांनी चारशे करायला लावलं. जे कामाचं ते जास्त टाकलं तर आणखी कामाचं, ही समजूत चुन्यावर तीन महिने घालवूनही गेली नव्हती. चारशेवर फेस पाण्यासारखा झाला आणि टेलिंगमध्ये तांबं चढलं. साखळ्यांना पापुद्रे पुरले नाहीत म्हणून त्या तांब्याच्या कणांवरही बसल्या. दोनशेवर परत आलो, आणि तेही दोन भागांत: अर्धं रफरमध्ये, अर्धं क्लीनरमध्ये.

फेसाची खोली दोन बोटांवरून पाच-सहा बोटं केली. वरून पाणी शिंपडायला कॉलम सेलमध्ये जाळी असते. आमच्याकडे साधे सेल. भाऊंच्या मेहुण्याच्या संत्र्याच्या बागेतली ठिबकची जुनी नळी आणली, दाभणाने भोकं पाडली आणि क्लीनरच्या काठावर आडवी बांधली. आठ दिवस झकास चालली, मग चुनखडी बसून भोकं बुजली. मेहुणे येऊन बघून गेले आणि म्हणाले, बागेत करतो तसं आम्ल सोडा. नळी सेलवरून सोडवून बाहेर धुतली, आत कधीच नाही. सेलमध्ये आम्ल गेलं असतं तर पीएच कोसळून पायराइट परत वर आलं असतं.

मे महिन्यात विहिरीने तळ दाखवला आणि टेलिंगच्या खड्ड्यातलं पाणी परत वापरायची वेळ आली. दोन दिवसांत फेस पुन्हा ताठ. शंखजिऱ्याचा बारीक गाळ तळाला बसतच नव्हता. दळून, दाबून, बाहेर टाकलेलं शंखजिरं पाण्यासोबत पुढच्या दाराने परत येत होतं. या दाराचा आम्ही विचारच केला नव्हता. शेवटी शेततळ्याचा प्लास्टिक कागद अंथरून दुसरा खड्डा केला, पहिल्यातलं वरचं पाणी दुसऱ्यात, दुसऱ्यातलं वरचं मिलमध्ये. खड्ड्याला कागद लागला म्हणून बांधीवाले काकाही थोडे निवळले.

हाती काय आलं

जूनच्या सुरुवातीच्या पाच घाणींची सरासरी: तांबं २४, गंधक ३१, मॅग्नेशिया अडीच. त्याच हिशेबाने चाल्कोपायराइट ६९ टक्के, पायराइट १३, शंखजिरं फार तर ८. खरेदीदाराचे २५ आलेच नाहीत. वसुली ८६ वरून ८४ झाली.

मालकांना ते दोन टक्के फार लागले. मी त्यांना दुसरी बाजू मांडून दाखवली. आधी शंभर टन खनिजातून ४.८ टन कॉन्सन्ट्रेट निघत होतं, आता ३.१५ टन. आतलं तांबं जवळजवळ तेवढंच, पण ट्रकमध्ये दीड टनाहून जास्त दगड कमी. शिवाय शंखजिऱ्याचा गाळ फिल्टरच्या कापडाची छिद्रं बुजवत होता. तो कमी झाल्यावर माल कोरडा निघायला लागला, म्हणजे पाण्याचंही भाडं वाचलं. मालक ऐकून घेत होते, पण ८४ हा आकडा त्यांच्या डोक्यातून गेला नाही. आमचा तो वाद मिटलेला नाही.

पुन्हा करायचं झालं तर

सगळ्यांत मोठी चूक माझ्या येण्याआधीची, पण मीही तीन दिवस तिच्यात सामील होतो: एका आकड्यावर विसंबणं. तांब्यासोबत गंधक आणि मॅग्नेशिया पहिल्या आठवड्यात मोजले असते तर डिसेंबरातच कळलं असतं. ताटात फिरवून बघायला तर पैसेही लागत नाहीत.

झँथेट, ताजा चुना आणि फेसाची खोली हे तीन बदल मी एकाच आठवड्यात करू दिले. सगळे घाईत होते, मीही होतो. तांबं १६ वरून १९ झालं, पण त्यातलं किती कशामुळे, हे आजही मला सांगता येत नाही. कुणी विचारलं तर गवारगमने किती दिलं ते सांगू शकतो, कारण तो एकटा बदलला. बाकीच्यांबद्दल मी जे बोलतो तो अंदाज आहे.

शंखजिरं आधी काढायचा रस्ता दोन चाचण्यांवर बंद केला, तेही घाईचं होतं. चार टक्के तांबं गेलं ते खरं, पण त्या पांढऱ्या फेसाला एकदा धुऊन पुन्हा सेलमधून काढलं असतं तर वाहत आलेलं तांबं बरंच परत मिळालं असतं. पाण्यासोबत वाहून आलेला कण धुतल्यावर खाली बसतो, हे आम्ही क्लीनरमध्ये रोज पाहत होतो आणि तिथे मात्र विसरलो. गवारगमची रोजची पहाटेची कटकटही वाचली असती. मालकांनी "नको" म्हटलं तेव्हा मी मान डोलावली नसती तर बरं झालं असतं.

आणि ढीग. ताडपत्री हा काही संशोधनाचा विषय नव्हता.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात खाणीच्या दुसऱ्या बाजूच्या खड्ड्यातलं खनिज आलं. भाऊंनी ताट फिरवलं. कडेची पांढरी साय जवळजवळ नव्हती, पिवळ्याच्या पुढे मात्र फिकट राखी-पिवळा पट्टा रुंद होता. त्याच्या कॉन्सन्ट्रेटचे नागपूरचे आकडे चार दिवसांनी आले: तांबं १८, गंधक ३४, मॅग्नेशिया दीड. मॅडमने फळ्यावर मांडलं, पायराइट ३० टक्क्यांच्या आसपास. या वेळी खरंच चुन्याचं काम होतं. मी खोलीतून बाहेर आलो तेव्हा भाऊंनी गवारगमचा मिक्सर आधीच बंद केला होता आणि नव्या पोत्यातली चार ढेकळं लोखंडी घमेल्यात टाकून त्यांवर मगभर पाणी ओतत होते. ढेकळं चर्र करून तडकली, वाफ आली.

"जिता आहे," ते म्हणाले आणि पोतं मिलकडे ओढत नेलं.